शिकलेला फौजदार

पहांटे पांचच्या सुमारास गांवाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर फिरावयास जाण्याचा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. मुंबईहून नागपूर, रायपूर करीत कलकत्त्याकडे जाणारा हा रस्ता. अर्जुनी नांवाचें दुसरें एक गांव दक्षिणेस मोरगांवजवळ आहे. त्याच्याशीं गल्लत होऊं नये म्हणून आमचें गांव ‘सडक अर्जुनी’ झालें. पूर्वीं त्या वेळीं मला भेटत त्या मालमोटारी आणि धान भरलेल्या बंड्या. आतां अंधारांतून पावलांचा एकसारखा आवाज येतो, दहा-बारा धापा टाकणाऱ्या आकृति जवळून निघून जातात, आणि त्यांतली एखादी, न थांबतां, ‘नमस्कार, सर’ म्हणते. हीं माझ्या महाविद्यालयांतलीं मुलें. तीं पोलीस होण्यासाठीं धांवत असतात.

धांवण्याचा हिशेब मला आतां पाठ झाला आहे. सोळाशें मीटरला २० गुण, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना सोळाशेंऐवजीं आठशें मीटर. मैदानावरचा हा ५० गुणांचा भाग पार पडला कीं मग १०० गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता-चांचणी आणि मराठी व्याकरण. तिला ‘लेखी’ म्हणावयाचें तें केवळ संवयीनें. कारण तींत लिहावयाचें असें कांहींच नसतें. चार उत्तरांपैकीं एकाचें वर्तुळ काळें करावयाचें. शिपायाच्या जागेला बारावी उत्तीर्ण एवढीच अट आहे. परंतु २०२४ सालीं राज्यांतील सुमारें १७ हजार जागांसाठीं १७ लाखांवर अर्ज आले, आणि त्यांत पदवीधरांची व अभियंत्यांची गर्दी होती. आमच्या रस्त्यावर धांवणाऱ्यांतही पदवी न घेतलेला किंवा न घेणारा असा शोधूनच काढावा लागेल.

माझ्या लहानपणीं, नागपूरच्या आमच्या शाळामास्तराच्या घरांत, पोलिसाचें नांव निघे तें धाक घालण्यासाठीं. ‘अभ्यास करणार नसशील तर शिपाई हो,’ असें वडील म्हणत. त्यांत शिपायाच्या पगाराविषयीं तुच्छता नव्हती. मास्तरांना तरी पगार असा कितीसा मिळे? तुच्छता होती ती अक्षरशत्रुत्वाविषयीं. पांढरपेशा घरांचा त्या काळचा समज असा कीं, पोलीस मारतो कारण त्याला बोलतां येत नाहीं, आणि बोलतां येत नाहीं कारण तो शिकलेला नाहीं. हा समज मीं पन्नाशी उलटेपर्यंत जपला. इंग्रजी वाङ्मयाचा पदवीधर होऊन मी या बाजूला अध्यापक म्हणून आलों, तेव्हां त्याला विद्वत्तेचें कोंदणही मिळालें. शिकलेला फौजदार आणा, म्हणजे ठाणें आपोआप सुधारेल. इतकें तें सोपें वाटे.

हा विचार कांहीं माझ्या एकट्याचा नव्हे. १९०२ सालीं कर्झनसाहेबानें जें पोलीस कमिशन नेमलें त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे आमच्याच मध्यप्रांताचे चीफ कमिशनर. भंडारा जिल्हा, आणि त्याच्या पोटांत त्या वेळीं असलेला हा सारा मुलूख, त्यांच्याच अमलाखालचा. पोलीसखातें अकार्यक्षम आहे, त्याला धड शिकविलेलें नाहीं, आणि लोकांना तें जुलमी वाटतें, असा स्पष्ट निर्वाळा त्या कमिशननें दिला. उपाय म्हणून ठाण्याचा अधिकारी सुशिक्षितांतून थेट निवडावा व त्याला शाळेंत घालून तयार करावा, असें सुचविलें. १९०६ सालीं मध्यप्रांतासाठीं सागरला पोलिसांची शाळा निघाली ती त्याच ओघांत. मुंबई इलाख्यासाठींही त्याच सालीं पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली आणि पुढें नाशिकला गेली. आज थेट भरतीच्या फौजदाराला पदवी लागते. निम्म्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंतून भरतात, उरलेल्या खात्यांतल्याच माणसांतून, कांहीं परीक्षेनें व कांहीं बढतीनें. म्हणजे फ्रेझरसाहेबांनीं मागितलेला शिकलेला फौजदार केव्हांच येऊन खुर्चींत बसला आहे.

आतां जी हकीकत सांगावयाची ती ज्या ठाण्यांत घडली त्याचें नांव मी देत नाहीं. या बाजूचें एक ठाणें, एवढें पुरे.

त्या ठाण्यांत एक जमादार होते. अजून आहेत, सेवेचीं थोडीं वर्षें उरलीं आहेत. शाळा त्यांनीं कोवळ्या वयांतच सोडली होती. त्यांचा हात मोठा आणि चलाख. चार वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्याला, मोटारसायकलीचे कागद जवळ नाहींत एवढ्यावरून, त्यांनीं भररस्त्यांत थोबाडींत मारली. मुलगा माझ्याकडे रडत आला. मीं वरिष्ठांना एक लांबलचक पत्र लिहिलें. सुशिक्षित समाजाला सुशिक्षित पोलीस मिळाला पाहिजे, असें त्यांत एक वाक्य होतें. तें लिहितांना मला फार समाधान वाटल्याचें आठवतें. पत्राचें उत्तर आलें नाहीं. परंतु पुढें दीड-दोन वर्षांनीं जो नवा उपनिरीक्षक तेथें आला, तोच जणूं माझ्या पत्राचें उत्तर होता.

कोल्हापूरकडचा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण, अभियांत्रिकीचा पदवीधर, आयोगाच्या परीक्षेंतून थेट निवडलेला. त्याच्या टेबलावर कायद्याचीं पुस्तकें असत, आणि तीं उघडलेलीं असत. १ जुलै २०२४ पासून देशांत नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हां त्यानें आपल्या शिपायांना रात्रीं बसवून जुन्या-नव्या कलमांचें कोष्टक शिकविलें होतें. आल्या आल्या त्यानें दोन नियम घातले: ठाण्यांत कुणावर हात उचलावयाचा नाहीं, आणि कुणाला अरे-तुरे करावयाचें नाहीं. फिर्याद घेऊन येणाऱ्याला बसावयास खुर्ची मिळूं लागली, प्यावयास पाणी मिळूं लागलें. जमादारांचा तो प्रसिद्ध हात खिशांत गेला. मी दोनचारदां कामानिमित्त तेथें गेलों आणि प्रसन्न होऊन परतलों. माझा समज चालता-बोलता होऊन माझ्यापुढें बसला होता.

मागल्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. माझें एक जुनें प्रमाणपत्र हरवलें होतें, त्याची नोंद करावयाची म्हणून मी ठाण्यांत गेलों. बाहेर धो धो पाऊस. लेखनिक कोठें बंदोबस्ताला गेलेला, म्हणून उपनिरीक्षक स्वतःच संगणकावर बसला होता. समोर साधारण पन्नाशीची एक बाई, पायांना चिखल, पदर कपाळावरून पुढें ओढून अर्धें तोंड झांकलेलें. शेजारच्या बांधीवाल्याशीं धुऱ्यावरून पाणी सोडण्याचा तंटा. ज्यांनीं धानाचा मुलूख पाहिला नाहीं त्यांना सांगितलें पाहिजे कीं, रोवणीच्या आठवड्यांत एका बांधींतून दुसरींत जाणारें पाणी हा येथें जमिनीइतकाच मोठा तंट्याचा विषय असतो. तो तरुण तिला ‘मावशी’ म्हणत होता. एकदांही तिला घाई केली नाहीं, कीं आवाज चढविला नाहीं. ती हळूहळू, थांबत थांबत सांगत होती. ‘माज्या डोऱ्याले दिसे नाही’ असें ती दोनदां म्हणाली. तें मला ऐकूं आलें होतें, हें मी आज शपथेवर सांगूं शकतों. त्या वेळीं तें माझ्या कानावरून गेलें.

कागद छापून निघाला. त्यानें तो संकोचानें माझ्यापुढें केला. ‘सर, एकदा नजर टाकाल का? माझं शुद्धलेखन कच्चं आहे.’ मीं खिशांतलें पेन काढलें. धुऱ्यावरून पाणी सोडण्याच्या कारणावरून सदर इसमानें शिवीगाळ करून हातबुक्क्यांनीं मारहाण केली, व सदर झटापटींत फिर्यादीचें डोरलें पडून गहाळ झालें असून तें मिळून येत नाहीं, अशा आशयाचा मजकूर होता. मीं दोन वेलांट्या आणि एक उकार सुधारला. ‘मजकूर स्वच्छ आहे,’ असें म्हणालों. सुधारून पुन्हां छापलेला कागद कायद्याप्रमाणें त्यानें तिला वाचून दाखविला. ‘बरोबर आहे ना, मावशी?’ ‘हो जी,’ ती म्हणाली. अंगठा उठविण्यासाठीं शाईची डबी तिच्यापुढें सरकविली ती मीं.

तेवढ्यांत जमादार पावसांतून आले. दारांत उभे राहून अंगावरचा रेनकोट झटकतां झटकतां त्यांनीं बाईकडे पाहिलें, आणि तसेच निथळत पुढें आले.

‘का झालं डोऱ्याले, बाई? पदर बाजूला घ्या.’

तिनें पदर बाजूला घेतला. डावा डोळा सुजून मिटला होता आणि त्यांतून पाणी येत होतें.

जमादारांनीं टेबलावरचा कागद उचलून वाचला. त्यांना वाचावयाला वेळ लागतो. मग ते अगदीं खालच्या आवाजांत म्हणाले, ‘साहेब, डोरलं नाही. डोरा. डोरा म्हणजे डोळा. बाईला डोळ्यानं दिसत नाही म्हणते. अन् ही बाई विधवा आहे, साहेब. हिच्या गळ्यात डोरलं कुठून येणार?’

या बाजूची बोली झाडीबोली. तींत ‘ळ’ नाहीं. त्याच्या जागीं ‘र’ येतो. काळा तो ‘कारा’, डोळा तो ‘डोरा’. कोल्हापूरच्या माणसाला डोरलें म्हणजे मंगळसूत्र हें आईच्या गळ्यापासून ठाऊक. ‘डोऱ्याले दिसे नाही’ हें त्यानें ‘डोरलें दिसत नाहीं’ असें ऐकलें. दिसत नाहीं म्हणजे सांपडत नाहीं, सांपडत नाहीं म्हणजे गहाळ. त्याच्या भाषेंत त्यानें चूक ऐकलें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु मी? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं सिद्ध केलेला झाडीबोलीचा कोश माझ्या कपाटांत आहे. तीस वर्षें मी या बोलींत भाजी घेतों आहें. मला ‘डोरा’ कळत नव्हता असें नव्हे. माझ्यापुढें कागद आला, आणि कागद आल्यावर मीं बाईकडे पाहिलेंच नाहीं.

त्या चुकीचें मोल वाचकांना नीट कळावें म्हणून थोडा कायदा सांगतों. हातबुक्क्यांची साधी मारहाण व शिवीगाळ हा अदखलपात्र गुन्हा. न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावांचून पोलिसांना त्याचा तपासच करतां येत नाहीं. नोंद करावयाची, नक्कल हातांत द्यावयाची, आणि न्यायालयाकडे बोट दाखवावयाचें. डोळ्याची दृष्टि कायमची जाणें ही मात्र कायद्याच्या व्याख्येंतच जबर दुखापत, आणि ती दखलपात्र. म्हणजे ‘डोरा’ व ‘डोरलें’ यांच्या मधल्या फटींत, एका अंगाला तपास, दवाखाना व अटक होती, आणि दुसऱ्या अंगाला पावसांत भिजलेला एक कागद. जमादार त्याच पावलीं तिला ठाण्याच्या गाडींत घालून घेऊन गेले. तेथून तिला गोंदियाला धाडलें. त्या डोळ्याला आतां उजेड आणि सांवली एवढेंच कळतें. आणखी चार-सहा तास गेले असते तर काय झालें असतें, हें डॉक्टरांना विचारण्याचें मला धैर्य झालें नाहीं. खटला चालूं आहे, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों. आमच्यासारख्यांना पश्चात्ताप झाला म्हणजे आम्ही ग्रंथालयांत जातों. पोलिसांना शिकवावें याचा ध्यास अमेरिकेइतका कोणी घेतला नसेल. कॅलिफोर्नियांतील बर्कलेचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होलमर हा स्वतः प्राथमिक शाळेपलीकडे फारसा गेलेला नव्हता; पण १९०८ सालीं त्यानें आपल्या शिपायांसाठीं शाळा काढली, आणि पुढें विद्यापीठांतले तरुण आपल्या दलांत ओढले. १९६७ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आयोगानें तर, अखेरीस प्रत्येक पोलीस पदवीधर असावा, असें ध्येयच पुढें ठेविलें. मग संशोधकांनीं माप काढण्यास आरंभ केला. रॉबर्ट वर्डन यांना १९९० सालीं दिसलें कीं, पदवीनें पोलिसाच्या वृत्तींत पडणारा फरक अगदीं थोडा आहे. जेसन रायडबर्ग व विल्यम टेरिल यांनीं २०१० सालीं दोन शहरांतल्या पोलिसांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावरून असें मांडलें कीं, शिकलेला पोलीस बळाचा वापर कमी करतो. परंतु अटक करणें किंवा झडती घेणें यांत शिकलेला व न शिकलेला यांच्यांत भेद आढळत नाहीं. अमेरिकेची फूटपट्टी आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडेल असें मी म्हणत नाहीं. पण तें वाचलें आणि मला आमचें ठाणेंच दिसलें. हात खालीं आला होता. बाकीचें जेथल्या तेथें होतें.

पदवीनें आणखी एक गोष्ट होते, ती मला एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितली. तो एम. ए. आहे आणि शिपाई आहे. मीं विचारलें, ‘शिक्षणाचा कामाला उपयोग होतो का रे?’ तो हंसून म्हणाला, ‘होतो ना, सर. पूर्वीचे लोक बंदोबस्ताला चौदा तास नुसते उभे राहत. आम्हांला उभं राहून कंटाळा येतो.’

असो. पण दोष त्या तरुण उपनिरीक्षकाचा, किंवा पोलीसखात्याचाच, असें म्हणून मला सुटतां येत नव्हतें. याच मुलखांतली एक जुनी गोष्ट मला राहून राहून आठवूं लागली. कोहमाऱ्यावरून नवेगांवबांध, अर्जुनी मोरगांव करीत दक्षिणेस गेलें म्हणजे वडसा लागतें. त्याचेंच दुसरें नांव देसाईगंज. १९७२ सालच्या २६ मार्चच्या रात्रीं तेथील पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीला एका तक्रारीच्या जबाबासाठीं आणलें होतें. जबाब झाल्यावर, तिच्या माणसांना बाहेर घालवून, दोघां पोलिसांनीं ठाण्याच्या आवारांतच आपल्यावर अत्याचार केला, असें तिनें सांगितलें. सत्र न्यायालयानें १९७४ सालीं दोघांना सोडलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १९७६ सालीं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं पुन्हां सोडलें. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नांवानें तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिनें ओरडा केल्याचें पटत नव्हतें; तेव्हां तिची संमति असली पाहिजे, असा त्याचा रोख. (मुलीचें नांव मी लिहीत नाहीं. तें पुष्कळ पुस्तकांत आहे. पण अशा स्त्रीचें नांव प्रसिद्ध करूं नये हा कायदाही पुढें झाला, आणि तो ज्या दुरुस्तीनें झाला ती दुरुस्ती याच प्रकरणांतून निघाली.)

निकाल लिहिणाऱ्यांच्या विद्वत्तेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. या देशांत त्यांच्याहून अधिक शिकलेलीं माणसें कोठें शोधावीं? कागद त्यांनीं बारकाईनें वाचला होता. रात्रीच्या वेळीं, गणवेशांतल्या माणसांपुढें, बंद दाराआड, एका मजूर मुलीचा आवाज घशांतच राहतो, हें त्या कागदावर लिहिलेलें नव्हतें. आणि जें लिहिलेलें नव्हतें तें त्यांना ऐकूं आलें नाहीं. माझी चूक पुष्कळच लहान. पण तिची जात तीच, असें मला वाटूं लागलें, आणि त्यानें मी अस्वस्थ झालों.

तो निकाल मुकाट्यानें कपाटांत जावयाचा. पण १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या चौघांनीं सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलें. चौघेही कायदा शिकविणारे, म्हणजे माझ्याच व्यवसायाचे. त्या पत्रानें देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यांत असलेली स्त्री न्यायालयांत ‘माझी संमति नव्हती’ असें म्हणाली, तर ती नव्हती असेंच न्यायालयानें धरून चालावें. म्हणजे तिचें म्हणणें आधीं ऐकावें. एवढी साधी गोष्ट कायद्यांत घालावी लागली, तीही इतक्या शिकलेल्या लोकांसाठीं.

शिक्षणावर राग काढावयाचा तर तो कोणत्या शिक्षणावर? १९७१ सालीं केंद्र सरकारनें पोलिसांच्या प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, तिचे अध्यक्ष आपले प्रा. मा. स. गोरे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ते संचालक. पोलिसी पेशाशीं संबंध नसलेला समाजशास्त्रज्ञ. कवाईत व कलमें एवढ्यावर न थांबतां माणसाचें वागणें समजून घेण्याची दृष्टि व संवेदनशीलता पोलिसाला दिली पाहिजे, असा त्यांच्या समितीचा आग्रह होता. हा आग्रह मीं वाचला तेव्हां पहिल्यानें मनांत आलें, पोलीस शाळांनीं हें केलें असतें तर! आणि दुसऱ्याच क्षणीं आलें कीं, मुलगा पोलीस शाळेंत जातो तो माझ्याकडून जातो. तीन वर्षें तो माझ्यापुढें बसलेला असतो.

त्या तीन वर्षांत मी काय करतों? टिपणें सांगतों. कवितेचा आशय पांच मुद्द्यांत, नाटकांतल्या पात्राचें स्वभावचित्र सात मुद्द्यांत. परीक्षेंत साठ उत्तरपत्रिकांत तेच सात मुद्दे त्याच क्रमानें येतात, आणि मी त्यांना गुण देतों. एखाद्यानें स्वतःला काय वाटलें तें वेड्यावांकड्या वाक्यांत लिहिलें, तर तांबडी शाई तेथेंच अधिक पडते. तीस वर्षें मीं मुलांना हें शिकविलें कीं, उत्तर आधींच कोठें तरी तयार असतें. आपण तें ओळखून उतरवावयाचें. त्या ठाण्यांत मारहाणीच्या फिर्यादीचा साचा संगणकांत तयारच होता. शिवीगाळ, हातबुक्क्या, झटापट, गहाळ. बाईनें सांगितलेलें त्यांतल्या त्यांत कोठें बसतें एवढेंच त्या मुलानें पाहिलें. त्याला मीं शिकविलें नव्हतें. कोल्हापूरकडे माझ्यासारख्याच कोणी शिकविलें होतें. आणि तपासावयास कागद पुढें आला तेव्हां मीं तपासल्या त्या वेलांट्या.

जमादारांचें मला येथें देव्हाऱ्यांत बसवावयाचें नाहीं. मार खाल्लेला माझा विद्यार्थी अजून त्यांना पाहून रस्ता बदलतो, आणि त्याचें बरोबर आहे. ज्या माणसानें त्या बाईचा डोळा पाहिला त्याच माणसानें त्या मुलाचा गाल पाहिला नव्हता. हें मला अजून नीट उलगडलेलें नाहीं.

त्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं उपनिरीक्षक माझ्या घरीं आला. बराच वेळ नुसता बसला. चहा झाल्यावर म्हणाला, ‘सर, मी तिला वाचून दाखवलं होतं. ती हो म्हणाली.’

‘आपण छापील मराठींत वाचलंत,’ मी म्हणालों. ‘तिला वाटलं असेल, साहेब म्हणतात तें बरोबरच असणार.’

‘कायद्यांत वाचून दाखवा एवढंच आहे.’

‘हो,’ मी म्हणालों. ‘आणि मी शेजारींच होतों.’

तो गेला, आणि थोड्या दिवसांनीं मला कळलें कीं जमादारांकडून त्यानें झाडीबोलीचे शब्द उतरून घ्यावयास आरंभ केला आहे. डायरींत रोज दहा. जमादार सांगतात आणि साहेब लिहितात, याची ठाण्यांत थट्टा होते म्हणे. हात उचलण्याची बंदी मात्र कायम आहे, आणि जमादारांनीं ती पाळली आहे. मीं माझ्या कपाटांतला कोश त्याच्याकडे पाठवून दिला.

मींही एक उद्योग सुरू केला आहे. रविवारीं सकाळीं, धांवून झाल्यावर, या मुलांना मी तासभर बसवितों. गुणांसाठीं नाहीं, कारण ज्याला गुण आहेत त्याचे वर्ग गांवांत दुसरीकडे पैसे घेऊन चालतातच. घरांतल्या एका वडील माणसाला कांहीं तरी विचारावयाचें, आणि तो जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत लिहून आणावयाचें. आपला एक शब्द घालावयाचा नाहीं. पहिल्या रविवारीं तेवीस मुलें आलीं, दुसऱ्या रविवारीं नऊ. नऊ जणांच्या वह्यांत पहिल्या वेळीं सर्वांच्याच आज्या पाठ्यपुस्तकांतल्यासारख्या बोलत होत्या. ‘माझी आजी म्हणाली कीं पूर्वीचे जीवन अत्यंत कष्टमय होते.’ मीं त्या वह्या परत दिल्या. ‘आजी असं म्हणाली? अत्यंत कष्टमय?’ मुलें हंसलीं. एकजण प्रामाणिकपणें म्हणाला, ‘सर, ती म्हणाली तें लिहिण्यासारखं नव्हतं.’

गेल्या रविवारीं एक मुलगी वही घेऊन आली. पहांटे धांवणाऱ्यांतलीच एक; वडील तेंदूपानांच्या हंगामांत जंगलांत जातात, बाकी वर्षभर मजुरी. तिनें आजीला मोतीबिंदूविषयीं विचारलें होतें. दीड पान होतें. वाक्यें तुटक होतीं, मधेंच आजी शेळीवर ओरडत होती, तेंही लिहिलेलें होतें. मीं तांबडें पेन हातांत घेतलें होतें, तें खालीं ठेविलें.

‘सर,’ ती म्हणाली, ‘एक विचारायचं होतं. आजी डोरा म्हणते. वहीत डोरा लिहू की डोळा?’

मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. न्यायालयांत बसणाऱ्याला ‘डोरा’ कळणार नाहीं. आणि ‘डोळा’ लिहिलें तर तें आजीचें म्हणणें नव्हे. अखेर मी म्हणालों, ‘दोन्ही लिही. आधीं आजी म्हणाली तें. मग पुढें त्याचा अर्थ.’

तिनें तेथेंच बसून तें नीट केलें. मग घड्याळाकडे पाहून उठली. तिला अजून मैदानावर जावयाचें होतें. आठशें मीटरला तिला बारा सेकंद कमी करावयाचे आहेत.